आधी तळ, मग पडदा

१ जून ते ३१ जुलै या काळात कोकण किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हर्णै बंदर उघड्या दर्यावर आहे, म्हणून तिथल्या कितीतरी बोटी पावसाळ्यात शेजारच्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात. काही बोटी काठावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. फाटकी जाळी सांधायची, इंजिन उघडायचं, फळ्यांच्या सांधी बुजवायच्या, रंग द्यायचा, ही सगळी कामं याच दोन महिन्यांतली. बोटीवर एखादं नवं यंत्र बसवायचं तर त्याचीही बोलणी याच दिवसांत होतात, कारण तळाला भोक पाडायचं असेल तर बोट कोरड्यावर हवी.

अशाच एका दोन सिलिंडरच्या लाकडी बोटीच्या आडोशाला एक मामा आणि त्यांचा भाचा वाद घालत होते. मामा तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. हयात वाहत्या जाळ्यावर गेलेली. भाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून परत दर्यावर आलेला, थंडीत खडपावर गळ टाकून दाढा आणि तांबोशी धरणारा. त्याच्या हातात एका फिशफाइंडरचं, म्हणजे मासळी शोधणाऱ्या यंत्राचं, माहितीपत्रक होतं.

"नऊ इंची पडदा," भाचा वाचत होता. "एक किलोवॅटची ताकद. चर्प, साइड स्कॅन, जीपीएस, नकाशे, सगळं एकात."

"आणि मासळी?"

"तीच तर दाखवणार आहे, मामा."

"दाखवली म्हणजे मिळाली का?" मामा म्हणाले. "जीपीएसला मी नाही म्हटलं होतं का? नाही ना. आम्ही खडपाची जागा डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस जुळवून लक्षात ठेवायचो. धुकं पडलं की खूण गेली. जीपीएस आलं, तेव्हा ती अडचण संपली. ज्याने अडचण संपते ते यंत्र घ्यावं. या नव्या यंत्राने माझी कुठली अडचण संपणार आहे, ते सांग."

"खूण कुठे आहे हे जीपीएस सांगतं. त्या खुणेवर आज मासळी उभी आहे की नाही, हे कुठे सांगतं? आपण पोचतो, गळ टाकतो, दोन तास बसतो, उठतो, दुसऱ्या खुणेवर जातो. डिझेल जळतं ते या फेऱ्यांत. यंत्र असेल तर खुणेवरून एकदा बोट फिरवायची. खाली काही नसेल तर थांबायचंच नाही."

मामांना हे पटलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता. फिशफाइंडर घेणारे बहुतेक जण पडद्याच्या इंचांपासून सुरुवात करतात. आपलं जाळं कुठलं, आपलं पाणी किती खोल आणि आपली कुठली अडचण सुटणार, हा विचार पैसे दिल्यावर सुरू होतो.

यंत्राचं तत्त्व मामांना परकं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या काळी दोरीला शिसं बांधून पाणी मोजत. दोरीवर वावावावाने खुणा असत. शिशाच्या बुडाला चरबी फासली की तळाची वाळू, चिखल, शंखशिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई, आणि खाली जाळं फाडणारं खडप आहे की मऊ चिखल, ते समजे. फिशफाइंडर हेच काम आवाजाने करतो. बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत पकडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. पंधरा वाव पाणी म्हणजे साधारण २७ मीटर. तिथून जाऊन परत यायला आवाजाला सेकंदाचा अठ्ठाविसावा भाग लागतो. यंत्र तेवढा वेळ मोजतं आणि खोली सांगतं.

"शिसं तळापर्यंत जातं," मामा म्हणाले. "मधल्या पाण्यात काय उभं आहे ते त्याला कळत नाही. तुझ्या यंत्राला कसं कळतं?"

"भोतामुळे."

हे उत्तर मामांना लगेच भिडलं. घोळीचा भोत किती मोलाचा असतो हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराला एकाच फेरीत १५७ घोळ मिळाल्या आणि त्या सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांना गेल्या, ही बातमी तेव्हा सगळ्या बंदरांवर चघळली गेली होती. तो भाव मांसाचा कमी आणि भोताचा जास्त. भोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. मासा पाण्यात वरखाली न ढळता उभा राहतो तो तिच्या जोरावर. घोळीच्या कुळातले मासे तर याच पिशवीजवळचे स्नायू थरथरवून पाण्यात आवाज काढतात.

माशाचं मांस पाण्याहून फारसं वेगळं नसतं, त्यामुळे आवाजाचा बराचसा भाग त्यातून आरपार जातो. हवा मात्र पाण्याहून अगदी निराळी. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून आवाज जवळजवळ सगळाच परततो. म्हणून पडद्यावर जो लाल-पिवळा ठिपका उमटतो तो मुख्यतः भोताचा असतो.

"म्हणजे ते मासा बघत नाही," मामा म्हणाले. "हवा बघतं."

"बरोबर. आणि ही गोष्ट सुचली कशी, ते ऐका." भाच्याने फुरुनोंची हकिगत सांगितली. जपानच्या नागासाकी भागात कियोताका फुरुनो नावाचा माणूस मासेमारी बोटींवर दिवे आणि विजेची कामं करायचा. एका अनुभवी मच्छीमाराने त्याला सांगितलं, की जिथे मासळी दाट तिथे पाण्यातून बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांवरून मासळीचा अंदाज बांधता येतो. आवाज बुडबुड्यांवरून परततो हे फुरुनोला ठाऊक होतं. युद्धानंतर खोली मोजायची जुनी यंत्रं घेऊन तो आणि त्याचा धाकटा भाऊ खटपट करत राहिले. १९४८ मध्ये त्यांनी मासळी शोधणारं यंत्र बाजारात आणलं. आज कोकणातल्या बंदरांवरही त्यांच्या कंपनीचं नाव ओळखीचं आहे.

"मग बुडबुडे दाखवणारा तांडेलच होता," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माहितीपत्रक हातात घेतलं.

पण ते घेताना त्यांनी दुसरा प्रश्न काढला, आणि तो भाच्याला जड गेला. "सुरमईला भोत असतो का?"

नसतो. वाहत्या जाळ्यावर सुरमई धरणाऱ्या तांडेलाने आयुष्यभर सुरमई कापलेली असते, त्याला हे पुस्तकातून कळायची गरज नव्हती. बोंबलालाही भोत नाही. मुशी आणि पाकट यांना नाही. म्हाकूल आणि कोळंबी तर मासेच नव्हेत. युरोपातल्या मच्छीमारांना त्यांच्याकडच्या अटलांटिक बांगड्याबाबत हीच अडचण येते. त्यालाही भोत नाही, म्हणून त्याचा थवा पडद्यावर हेरिंगच्या थव्यापेक्षा फिका दिसतो. याचा अर्थ असे मासे अजिबात दिसत नाहीत असा नव्हे. दाट थवा असेल तर दिसतो. पण एकटीदुकटी सुरमई पडद्यावर शोधत बसणं व्यर्थ आहे.

"शिवाय माझं जाळं वरच्या पाण्यात वाहतं," मामांनी पुढे सांगितलं. "तुझं यंत्र बोटीच्या बुडाखालून सुरू होणार. त्याच्या वरचं पाणी आणि बाजूचं पाणी त्याला दिसणार नाही. मासळी तर इंजिनाच्या आवाजाने बाजूला सरते."

मामांचं हे म्हणणं खरं आहे. साधा फिशफाइंडर सरळ खाली बघतो. चारी बाजूंना फिरून बघणारी सोनार यंत्रं वेगळी आणि फार महाग असतात, ती मोठ्या पर्ससीन बोटींवर दिसतात. डोलीवाल्याचं जाळं ठरलेल्या जागी खुंटांना बांधलेलं असतं, त्याला या यंत्राचा उपयोग खोली आणि तळ समजण्यापुरता. ज्याचं सगळं घर बोंबलावर चालतं, त्याने या खर्चात पडू नये, असं इथे स्पष्ट म्हणायला हवं.

भाच्याकडे मात्र त्याचं उत्तर होतं. "सुरमई नका बघू, सुरमईचं खाणं बघा. तारलीला भोत असतो. तारलीचा थवा मधल्या पाण्यात ढगासारखा दिसतो, आणि तारली जिथे तिथे सुरमई घिरट्या घालते, हे तुम्हीच मला शिकवलंत. माझ्या गळाला लागणारे दाढा, तांबोशी, हेकरू, शिंगाळा हे सगळे भोतवाले आणि तळालगत राहणारे. माझ्यासाठी यंत्र हवंच. तुमच्या जाळ्यासाठी ते निम्म्या उपयोगाचं आहे, हे मी मानतो."

वाहत्या जाळ्याचा माणूस आणि हे यंत्र यांचं नातं नवं नाही. इंग्लंडच्या यार्मथ बंदरातला कप्तान रॉनल्ड बॉल्स वाहत्या जाळ्यांनी हेरिंग धरायचा. १९३० च्या दशकात त्याने आपल्या बोटीवर खोली मोजायचं प्रतिध्वनी यंत्र बसवलं, आणि तळाच्या वर उमटणाऱ्या खुणांचा व आपल्या जाळ्यात येणाऱ्या हेरिंगचा मेळ वर्षानुवर्षं लिहून ठेवला. त्याच सुमाराला, १९३५ मध्ये, नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेनजवळच्या कॉड माशांच्या प्रतिध्वनीचं चित्र 'नेचर' मासिकात छापलं. सुंड शास्त्रज्ञ होते, बॉल्स तांडेल. त्यांची नावं कोकणात कुणाला माहीत असण्याचं कारण नाही, पण बॉल्सची वही आपल्याला हवी आहे. पडद्यावर आज काय दिसलं, किती वाव पाण्यात, उधाण होतं की भांग, आणि जाळ्यात शेवटी आलं काय, हे एक हंगाम लिहिलं तर ते यंत्र आपल्या पाण्याचं होतं. नाही लिहिलं तर ते पुढची दहा वर्षंही दुकानदाराचंच राहतं.

पडदा वाचायला शिकणं हे खरेदीइतकंच मोठं काम आहे, आणि त्यात सगळ्यात मोठी फसगत एकच. पडद्यावर डावीकडून उजवीकडे जे दिसतं ते अंतर नसून वेळ असतो. उजव्या कडेला आत्ताचा क्षण, डावीकडे होऊन गेलेला. बोट नांगरावर उभी असेल आणि एकच मासा खाली रेंगाळत असेल तर पडद्यावर लांबच लांब रेघ येते. नवखा माणूस ती रेघ बघून भलामोठा मासा समजतो. चालत्या बोटीखालून मासा गेला तर कमानीसारखी खूण उमटते, कारण झोताच्या कडेला असताना तो लांब असतो, मध्ये आल्यावर जवळ येतो आणि पुन्हा लांब जातो.

"आणि हे माशांचं चित्र?" मामांनी माहितीपत्रकावरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. त्यात निळ्या पाण्यात छोटे-मोठे मासे पोहत होते.

"ते आधी बंद करायचं. बुडबुडा असो, तरंगता कचरा असो की तारली, यंत्र अंदाजाने माशाचं चित्र टाकतं. जात त्याला ओळखता येत नाही. आपण खरा प्रतिध्वनी बघायचा."

मग गोष्ट आवाजाच्या वारंवारतेवर आली. जुनी साधी यंत्रं ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन आवाजांवर चालतात. ५० चा आवाज खोल जातो, रुंद पसरतो, पण बारीक तपशील पुसून टाकतो. २०० चा आवाज उथळ पाण्यात चांगला, अरुंद आणि रेखीव. झोत विजेरीसारखा खाली रुंदावत जातो. २०० किलोहर्ट्झचा झोत २० अंशांचा असेल तर तळावर तो खोलीच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची जागा बघतो. पंधरा वावांत ती जागा साडेनऊ मीटरची. ५० किलोहर्ट्झचा ४५ अंशांचा झोत त्याच पाण्यात बावीस मीटरहून जास्त जागा एकदम बघतो, आणि त्या सगळ्या जागेतले प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतो. खडपाला चिकटून बसलेला हेकरू अशा रुंद झोतात तळाच्याच रेषेत विरून जातो.

"आपल्याकडे पाणी किती?" मामांनी विचारलं. हा प्रश्न नव्हता, उत्तराची सुरुवात होती. मुंबईच्या समोर खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, तरी रत्नागिरी जिल्ह्यातून एका दिवसाच्या फेरीवर जाणारी छोटी बोट उथळ पाण्यातच असते. "वीस-पंचवीस वावांच्या पुढे तू जाणार आहेस का? मग एक किलोवॅट कशाला?"

भाच्याने आंग्रिया बँकेचं नाव काढलं. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं ते प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. माथ्यावर पाणी वीसेक मीटर, आणि कड संपली की खोल दर्या. तिथे दोन्ही वारंवारता लागतात.

"दोन सिलिंडरवर आंग्रियाला जाऊ नकोस," मामा म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

ताकदीच्या आकड्यांबाबत ग्राहकाला एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी. खोक्यावर कधी ४,००० वॅट लिहिलेलं असतं आणि कधी ५०० वॅट, आणि दोन्ही एकाच यंत्राचे आकडे असू शकतात. पहिला आकडा शिखर ते शिखर मोजलेला, दुसरा आरएमएस, म्हणजे खरी कामाची ताकद. शिखराच्या आकड्याला आठाने भागलं की आरएमएस मिळतो. दुकानात फक्त आरएमएस विचारावा. तीस-चाळीस मीटर पाण्यासाठी ३०० ते ६०० वॅट आरएमएस भरपूर झाले. चर्प म्हणजे एकाच सुराऐवजी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारा आवाज. त्याने जवळजवळ उभे असलेले दोन मासे वेगळे दिसतात, तळालगतचा मासा तळापासून सुटा दिसतो. खडपावर गळ टाकणाऱ्याला त्याचा खरोखर फायदा आहे. मात्र ट्रान्सड्यूसरही चर्पचाच हवा. जुना दोन वारंवारतांचा ट्रान्सड्यूसर नव्या पडद्याला जोडला की पडद्यावर चर्प लिहून येतं, चर्पचं काम होत नाही.

इथपर्यंत भाचा शिकवत होता आणि मामा ऐकत होते. ट्रान्सड्यूसर बसवायची गोष्ट निघाली आणि हे उलटं झालं.

"हा प्लॅस्टिकचा का?" मामांनी चित्रातल्या ट्रान्सड्यूसरवर नख टेकवलं.

"हो. स्वस्तात येतो. तळाला भोक पाडून बसवायचा."

"लाकडात प्लॅस्टिक? अरे, ऑगस्टला बोट पाण्यात गेली की आठ दिवसांत फळ्या फुगतात. म्हणून तर सांधी घट्ट होतात. फुगलेली फळी त्या प्लॅस्टिकची मान आवळणार. ते तडकलं तर पाणी आत."

मामांनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगितलं, आणि ट्रान्सड्यूसर बनवणाऱ्यांची सूचनाही नेमकी हीच आहे. लाकडी बोटीत आरपार बसवायचा ट्रान्सड्यूसर काशाचा घ्यावा. फायबरच्या बोटीत प्लॅस्टिक किंवा कासं दोन्ही चालतं. ॲल्युमिनियमच्या बोटीत कासं नको, कारण खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संयोगाने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भरीव फायबरच्या तळाला भोक न पाडता आतूनही ट्रान्सड्यूसर चिकटवता येतो, थोडी ताकद वाया जाते एवढंच. लाकडातून मात्र आवाज नीट जात नाही, तिथे हा मार्ग बंद.

जागेचा निर्णयही मामांनीच केला. बोटीखाली वाकून त्यांनी पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, बाजूने हात फिरवला. नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, नको, तिथे लाटेवर बोट उचलली की तळ पाण्याबाहेर येतो आणि हवेचे बुडबुडे खाली दाबले जातात. पंख्याजवळ नको, तिथे पाणी घुसळलेलं. इंजिनाच्या पाण्याच्या भोकाच्या मागे नको. मधल्या भागाच्या थोडं मागे, जिथे पाणी शांतपणे सरकतं, तिथे. बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवा हाच तर या यंत्राचा मासा. ट्रान्सड्यूसरसमोरून बुडबुडे गेले तर पडदा नुसता भरून जातो.

"आणि इथे तळ तिरका आहे," मामा म्हणाले. "तुझा आवाज बाजूला जाईल."

तेही बरोबर होतं. तळ तिरका असेल तर लाकडाचा ठोकळा तासून ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली करावं लागतं, किंवा आतला भाग १२ किंवा २० अंशांनी कललेला ट्रान्सड्यूसर मागवावा लागतो. बाजारात पडद्यांची चर्चा तासन्‌तास चालते, ठोकळ्याबद्दल कुणी बोलत नाही. खराब जागी बसवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा नीट बसवलेलं साधं यंत्र जास्त दाखवतं. सुताराच्या मजुरीत आणि काशाच्या तुकड्यात घातलेला पैसा पडद्याच्या वाढीव दोन इंचांपेक्षा जास्त वसूल होतो. या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच.

विजेचं काम भाच्याचं होतं. यंत्राला १२ व्होल्ट लागतात. तार थेट बॅटरीवरून, मध्ये स्वतंत्र फ्यूज. इंजिन सुरू करताना व्होल्टेज पडतं आणि पडदा विझून पुन्हा लागतो, म्हणून शक्य असेल तर वेगळी बॅटरी. ट्रान्सड्यूसरची तार जास्त झाली तरी कापायची नाही, गुंडाळून ठेवायची. ती अल्टरनेटरच्या आणि वायरलेसच्या तारांपासून लांब न्यायची. रंग देताना ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर तळाचा नेहमीचा रंग फासायचा नाही. त्यातली रसायनं प्लॅस्टिकचं तोंड खराब करतात. त्यासाठी पाण्यात मिसळणारा रंग मिळतो. शिंपल्यांचा थर चढला तर तो हलक्या हाताने काढायचा, कोयत्याने खरवडायचा नाही.

"आता खरं विचारतो," बोटीखालून बाहेर येत मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "मासळी लपायची जागा म्हणून खडप होतं. जाळं तिथे टाकता येत नाही, म्हणून ती वाचायची. आता तू आवाजाने तिला तिथेही शोधणार. मग तिने जायचं कुठे?"

भाचा काही वेळ गप्प राहिला. नंतर तो म्हणाला, "मामा, एलईडीचे दिवे लावून रात्री मासळी ओढणाऱ्यांना २०१७ पासून बंदी आहे, तरी दिवे दिसतात. पर्ससीनवाले अख्खा थवा उचलतात. मी गळ टाकणारा. माझ्या एका गळाला एक मासा. त्यांना सोडून तुम्ही मला अडवता?"

"त्यांना अडवायला सरकार आहे. तुला अडवायला मी आहे."

हा वाद बोटीखाली मिटण्यासारखा नव्हता, आणि तो मिटवल्यासारखं दाखवणं चुकीचं होईल. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉडचं जे झालं ते मामांच्या बाजूने बोलतं. मासे कमी होत गेले तसे उरलेले दाटीने एकत्र येत राहिले, आणि प्रतिध्वनी यंत्रांच्या मदतीने बोटी नेमक्या त्या थव्यांवर जात राहिल्या. त्यामुळे मिळकत चांगली दिसत राहिली आणि समुद्र रिकामा होत असल्याचं उशिरा कळलं. जुलै १९९२ मध्ये सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार गेला. पडद्यावर मासळी दिसते म्हणून समुद्रात मासळी भरपूर आहे, असं समजू नये, हे त्यातून दिसलं.

भाच्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. रिकाम्या खुणेवर न थांबणं, पोरगी तारली दाटलेली दिसली तर जाळं न टाकणं, खडपावर जाळं अडकून फाटू न देणं, हेही हेच यंत्र करू देतं. फाटून खडपावर राहिलेलं नायलॉनचं जाळं पुढे महिनोन्‌महिने मासे मारत राहतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटरहून आणि सुरमई ३७० मिलिमीटरहून लहान धरायची नाही. फिशफाइंडर सेंटिमीटर मोजून देत नाही. तो नियम जाळ्याच्या डोळ्याने आणि तांडेलाच्या हातानेच पाळला जातो.

मामांनी एक अट घातली. खडपाच्या नव्या खुणा सापडतील त्या कुणाला विकायच्या नाहीत, आणि अंडी भरलेल्या मासळीच्या दिवसांत त्यांवर जायचं नाही. भाच्याने पहिली अट लगेच मान्य केली. दुसरीवर तो म्हणाला, "बघू." मामांनी तो शब्द ऐकून न ऐकल्यासारखा केला नाही. "बघू नाही," ते म्हणाले. यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही.

पैशाचा हिशेब मात्र जुळला. छोटे फिशफाइंडर काही हजारांत मिळतात, मोठे संच लाखांत जातात. जीपीएस बोटीवर आधीच आहे, त्यामुळे नकाशांचे पैसे वाचले. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहांनी मोजलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा सांगते, मराठीतही आणि फुकट. कुठल्या दिशेला जायचं ते तिथून ठरवावं. फिशफाइंडरचं काम तिथे पोचल्यावर सुरू होतं. सरकारकडून बोटींना मिळणारा ट्रान्सपाँडर ही आणखी वेगळी गोष्ट. तो संकटात संदेश पाठवतो, मासळी दाखवत नाही. काही दुकानांत तिन्ही गोष्टींची सरमिसळ करून सांगतात.

शेवटी ठरलं ते असं. सात इंची पडदा, ६०० वॅट आरएमएस, चर्प, आणि उंच वारंवारतेचा काशाचा ट्रान्सड्यूसर. नऊ इंच, साइड स्कॅन आणि एक किलोवॅट गळाले. उरलेल्या पैशांत ठोकळा, सुतार, बॅटरी आणि तारा. परदेशातून नातेवाइकाकडून मागवलं तर थोडं स्वस्त पडतं, पण हमी तिथलीच राहते आणि सुटा भाग मिळायला हंगाम जातो. म्हणून बिल इथलं, दुरुस्ती करणारा एका दिवसाच्या वाटेवरचा.

फिशफाइंडर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने दुकानात चार गोष्टी कराव्यात. पडदा उन्हात नेऊन बघावा. खोक्यावरच्या वॅटपैकी आरएमएस किती ते लिहून घ्यावं. ट्रान्सड्यूसर प्लॅस्टिकचा की काशाचा आणि किती अंशांचा ते विचारावं. मग आपल्या बोटीच्या तळाचा फोटो दुकानदारासमोर ठेवावा. तो फोटो बघायची तसदी न घेणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये. बोट पाण्यात गेली की पहिल्या दिवशी ओळखीच्या जागी दोरीला शिसं बांधून पाणी मोजावं आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघावं. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीखाली जितका आहे तितका फरक यंत्रात भरायचा असतो, आणि बहुतेक बोटींवर तो भरलेलाच नसतो. १ ऑगस्टच्या आधी हे सगळं करायचं तर सुताराला आत्ताच सांगून ठेवा.